गच्चीवर सोडलेल्या सळया

साताऱ्याला ताईच्या घराच्या गच्चीवर सहा ठिकाणी लोखंडी सळया वर आलेल्या आहेत. १९९६ साली घर बांधले, तेव्हा भावोजींनी त्या मुद्दाम सोडल्या होत्या. पुढे-मागे मजला चढवायचा झाला तर कॉलम नव्याने उभे करावे लागू नयेत, हा हिशेब. मजला काही चढला नाही. सळया गंजल्या, दोन वाकल्या, आणि उरलेल्यांना बांधलेल्या दोरीवर ताई गेली कित्येक वर्षे गोधड्या वाळत घालते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी उंचावर उभे राहून पाहिले तर अशा सळयांचे रानच दिसते. आपल्या मध्यमवर्गाची 'पुढे-मागे' या शब्दावरची श्रद्धा इतकी डोळ्यांना दिसेल अशी दुसरीकडे कुठे कोरलेली नसेल.

संगणकाच्या बाजारात या सळयांना 'अपग्रेड' म्हणतात. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, गेल्या वर्षी नोकरीला लागला. सहा-सात महिन्यांच्या पगारातून बाजूला टाकलेले नव्वद हजार रुपये घेऊन २०२५ च्या गणेशोत्सवानंतर तो माझ्याकडे आला. त्याला गेम खेळण्यासाठी संगणक जोडायचा होता. बाजारात मिळतो तो सर्वोत्तम नव्हे, पण चांगला. आणि मुख्य म्हणजे पुढे वाढवता येईल असा. "मामा, आज परवडेल तेवढं घेऊ, बाकी नंतर टाकू," हे त्याचे वाक्य. पितृपक्षात खरेदी नको असे ताईने फोनवरून बजावल्यामुळे आम्हांला सुट्या भागांच्या याद्या करायला दोन आठवडे मिळाले. त्या दोन आठवड्यांत, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत, या 'नंतर टाकू'विषयी माझे जे मत झाले ते येथे मांडतो आहे. ते थोडक्यात असे: वाढवता येणे हा संगणकाचा गुण खरा आहे, पण तो आपण समजतो त्या भागांत नसतो आणि आपण समजतो त्या कारणासाठी मोलाचा नसतो.

त्याआधी एक गोष्ट. २०१८ च्या जुलैत, दहावीच्या निकालानंतर, याच भाच्यासाठी मी एक संगणक जोडून दिला होता. पैसे ताईचे होते आणि कारण अर्थातच 'अभ्यास' हे होते. मराठी घरात आलेला प्रत्येक संगणक अभ्यासासाठीच आलेला असतो. खेळासाठी पैसे खर्च केले असे उघडपणे म्हणण्याची आपल्याला लाज वाटते. 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम पुण्यातल्या एका लहानशा चमूने तयार केला आणि २०२० साली तो जगभर विकला गेला, हे सांगूनही ही लाज जात नाही. या लाजेचा एक व्यावहारिक तोटा आहे. ज्या कामासाठी वस्तू घ्यायची ते काम मोकळेपणाने मांडले नाही, तर कोणता भाग महत्त्वाचा हेही ठरवता येत नाही. अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. खेळाला तेच लागते. मग दोघांना खूश ठेवण्यासाठी प्रोसेसर नावाजलेला घ्यायचा, कार्ड जेमतेम घ्यायचे, आणि उरलेले भाग दुकानदार देईल ते, अशी तडजोड होते.

आमचीही तशीच झाली. मी रायझन ५ १६०० हा प्रोसेसर निवडला. त्याच्या मदरबोर्डचे सॉकेट एएम४ होते आणि ते अनेक वर्षे चालू राहणार, असे एएमडी कंपनीने सांगितले होते. ताईला मी मोठ्या अभिमानाने समजावले होते, की तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा, बाकी सगळे तेच. मात्र हिशेबात दीड हजार रुपये वाचवण्यासाठी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मी कॅबिनेटबरोबर फुकट आलेलाच ठेवला. २०१९ च्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि पुन्हा आली. त्या डब्याने जाताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही बरोबर नेले. ज्या सॉकेटच्या भवितव्याचे मी गुणगान केले होते ते उत्तम टिकले. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यात बसणारा ५८००एक्स३डी हा गेमसाठी नावाजलेला प्रोसेसर बाजारात आलाही. आमच्याकडे तो बसवायला बोर्ड उरला नव्हता. सळया सोडल्या होत्या, पाया कच्चा होता.

म्हणून या वेळी आम्ही यादी उलट्या टोकाने सुरू केली. प्रथम एसएमपीएस. भाच्याने निवडलेल्या रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी या ग्राफिक्स कार्डाची कमाल गरज सुमारे १६० वॅट, रायझन ५ ७६०० या प्रोसेसरची फार तर ८८ वॅट. पंखे, डिस्क, बोर्ड धरून सगळे मिळून तीनशेच्या आसपास जाते. तरीही साडेसहाशे वॅटचा, नीट संरक्षक मंडले असलेला एसएमपीएस घेतला. उद्या याहून दुप्पट वीज खाणारे कार्ड आले तरी डबा बदलावा लागू नये, हा एक भाग. आणि निम्म्या भारावर चालणारा डबा कमी तापतो, हा दुसरा. येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. डब्यावर '८० प्लस'चे ब्राँझ वा गोल्ड असे जे पदक छापलेले असते ते केवळ कार्यक्षमतेचे आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के वीज यंत्रापर्यंत पोहोचते, एवढेच ते सांगते. व्होल्टेज उसळले तर डबा स्वतः मरून इतरांना वाचवेल की इतरांना घेऊन मरेल, याविषयी ते पदक मौन पाळते. त्यासाठी डबा उघडून, भार टाकून केलेली परीक्षणे वाचावी लागतात. आम्ही ती वाचली. एकूण खर्चाच्या जेमतेम सात टक्के रक्कम या डब्यावर गेली आणि ती मला सर्वांत सार्थकी लागलेली वाटते.

मग मदरबोर्ड आणि त्यावरचे सॉकेट. 'पुढे वाढवता येईल' असे दुकानदार म्हणतो तेव्हा त्याचे बोट बहुधा येथे असते. या बाबतीतला इतिहास बोलका आहे. २०१७ च्या जानेवारीत ज्यांनी इंटेलच्या त्या वेळच्या नव्या चिपसेटचा, २०० मालिकेचा, बोर्ड घेतला, त्यांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कळले की आठव्या पिढीचे प्रोसेसर त्यात चालणार नाहीत. सॉकेटचे नाव तेच होते, पिनांची संख्या तीच, ११५१. कंपनीने वीजपुरवठ्याच्या रचनेचे कारण दिले. पुढे काही हौशी मंडळींनी बोर्डातील बायॉस बदलून ते प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवूनही दाखवले. दुसऱ्या बाजूला एएमडीच्या एएम४ ची कीर्ती मोठी आहे आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे. पण त्या कीर्तीतही एक डाग आहे. २०२० च्या मे महिन्यात कंपनीने जाहीर केले होते, की पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. ग्राहकांनी गदारोळ केला, तेव्हा काही आठवड्यांतच निर्णय फिरला. ३०० मालिकेच्या बोर्डांना तर २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली.

म्हणजे सॉकेटचे दीर्घायुष्य ही एका कंपनीची मर्जी आहे. ती पाळली गेली तर आनंद आहे, पण ती हक्क म्हणून मागता येत नाही. याउलट ज्या गोष्टी कोणा एकाच्या हातात नाहीत त्या पाहा. एटीएक्स या रचनेचा आराखडा १९९५ चा. बोर्डाच्या स्क्रूंची भोके कुठे असावीत, मागची पट्टी केवढी असावी, हे तेव्हा ठरले. आज घेतलेला एटीएक्स बोर्ड वीस वर्षांपूर्वीच्या धडधाकट एटीएक्स कॅबिनेटात बसतो. ग्राफिक्स कार्ड ज्यात खोचतात तो पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट २००० च्या दशकातला. त्याच्या आवृत्त्या बदलत गेल्या तरी नवे कार्ड जुन्या स्लॉटात आणि जुने कार्ड नव्या स्लॉटात चालते, फार तर थोड्या कमी वेगाने. येथे वचन कोणी दिलेले नाही, आणि तरीही ते पाळले गेले आहे. कारण शेकडो उत्पादकांचे हितसंबंध त्या मापांत गुंतलेले आहेत. एकट्या कोणाला ते मोडणे परवडत नाही. माझ्या मते, वाढवता येणाऱ्या संगणकाचा विचार करताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. सामाईक मापांवर भिस्त ठेवावी. एका कंपनीच्या आश्वासनावर, मिळाले तर मिळाले, एवढाच भरवसा ठेवावा. एएम५ हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवू, असे एएमडीने म्हटले आहे. आम्ही एएम५चाच बोर्ड घेतला, पण त्या वाक्यापोटी जास्तीचे पैसे मोजून महागातला नव्हे.

आता यादीतला मुख्य मानकरी, ग्राफिक्स कार्ड. एकूण रकमेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या त्याचा. जो संगणक प्रामुख्याने खेळासाठी आहे त्यात असेच असायला हवे, आणि ज्या यादीत प्रोसेसर कार्डापेक्षा महाग असेल ती यादी 'अभ्यासा'च्या लाजेने केलेली आहे असे खुशाल समजावे. पण कार्डाच्या निवडीत एक पेच होता. हे कार्ड २०२५ च्या जूनमध्ये एकाच नावाने दोन रूपांत आले: आठ जीबी स्मृतीचे आणि सोळा जीबीचे. अमेरिकेतील जाहीर किमती २९९ आणि ३४९ डॉलर. चिप तीच, नाव तेच. भाचा म्हणाला, "आत्ता आठचं घेऊ, माझा मॉनिटर तर साधा १०८०पीचाच आहे." मी अडून बसलो. रॅम वाढवता येते, डिस्क वाढवता येते. कार्डावरची स्मृती सोल्डर केलेली असते, तिला पुढे कधीही हात लावता येत नाही. आणि गेम कोणत्या मापाने बेतले जातात हेही पाहिले पाहिजे. मोठे गेम आधी घरगुती कन्सोलच्या मर्यादेत बसवले जातात. २०१३ चे प्लेस्टेशन ४ आठ जीबीचे होते; २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेले प्लेस्टेशन ५ सोळा जीबीचे. गेमकारांना नव्या मापाची सवय लागायला दोन-तीन वर्षे गेली आणि २०२३ च्या मार्चमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' संगणकावर आला, तेव्हा आठ जीबीच्या कार्डांची दमछाक सर्वांनी पाहिली. त्यांत अडीच वर्षांपूर्वी ऐटीत घेतलेली आरटीएक्स ३०७० ही कार्डेही होती. नंतरच्या दुरुस्त्यांनी तो गेम बराच सुधारला. पण दिशा कळून चुकली.

यातून एक साधा नियम निघतो: जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज खर्च करावा, जे बदलता येते ते पुढे ढकलावे. हा नियम मी भाच्याला ऐकवला तेव्हा मला माझे स्वतःचेच कौतुक वाटले होते. आणि याच नियमाच्या उत्तरार्धाने मला तोंडघशी पाडले.

भाच्याच्या मूळ यादीत सोळा-सोळा जीबीच्या दोन रॅमपट्ट्या होत्या. सोळा जीबीचे कार्ड घेतल्याने हिशेब ओलांडला होता. मी म्हणालो, "रॅमचं काय एवढं! सध्या आठ-आठच्या दोन घे. बोर्डाला चार स्लॉट आहेत. सहा महिन्यांनी आणखी दोन टाकू." चारेक हजार रुपये वाचले. नवरात्रात लॅमिंग्टन रोडवर, पाट्यांवर ज्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात त्या रस्त्यावर, आम्ही खरेदी केली, आणि दसऱ्याला संगणकाला हार घालून, समोर झेंडूची दोन फुले ठेवून तो सुरू झाला. पुढच्या दोन महिन्यांत रॅमच्या किमती भडकल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी स्मृतीच्या चिपा इतक्या प्रमाणावर उचलल्या जाऊ लागल्या, की सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला येणारा माल आटला. मायक्रॉन या बड्या उत्पादकाने तर २०२५ च्या डिसेंबरमध्ये आपला 'क्रुशल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदा गुंडाळत असल्याचेच जाहीर केले. ज्या जोडीवर मी चार हजार वाचवले होते ती दुपटीहून कितीतरी महाग झाली.

त्याहून मोठी गोष्ट मला नंतर नीट वाचल्यावर कळली. त्या चार स्लॉटांपैकी दोनच भरले तर रॅम ५२०० च्या वेगाने चालवण्याची हमी या प्रोसेसरचा उत्पादक देतो. चारही भरले तर हमी ३६०० वर येते. प्रत्यक्षात याहून बरे चालूही शकते, पण ते नशिबाचे. म्हणजे 'रिकामे दोन स्लॉट पुढच्यासाठी' ही माझी योजना स्वस्त असती तरी शहाणपणाची नव्हती. ते दोन रिकामे स्लॉट म्हणजे गच्चीवरच्या सळयाच होत्या. दिसायला मजल्याचे आश्वासन, पण खालच्या कॉलमांना तो मजला पुरता पेलणार नव्हता. भाचा मला काही बोलला नाही. फक्त एकदा म्हणाला, "मामा, ब्राउझर बंद करून मग गेम चालू केला की होतं सगळं नीट." हे समजूतदारपणाचे वाक्य ऐकून मला अधिकच वाईट वाटले. पैसे त्याचे होते आणि आत्मविश्वास माझा.

या चुकीवर विचार करताना लक्षात आले, की 'नंतर टाकू' या साऱ्या तत्त्वज्ञानाच्या मुळाशी एक न बोललेले गृहीतक आहे: उद्या वस्तू स्वस्त होईल. माझ्या पिढीने संगणकाच्या बाबतीत हे इतक्या वेळा अनुभवले, की तो निसर्गनियम वाटू लागला. थांबणाऱ्याचा नेहमी फायदा होतो, अशी आमची ठाम समजूत. पण गेल्या काही वर्षांत ती दोनदा खोटी ठरली. २०२० ते २०२२ या काळात चिपांचा तुटवडा आणि आभासी चलनाचे उत्खनन यांमुळे ग्राफिक्स कार्डे मूळ किमतीच्या दुपटीने विकली गेली. इथेरियमने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ती उत्खननाची पद्धतच सोडली. नंतर २०२५ च्या अखेरीस रॅमची पाळी आली. दोन्ही वेळी घरगुती गिऱ्हाइकाचा गुन्हा एवढाच, की त्याला हवा असलेला माल त्याच्याहून कितीतरी श्रीमंत कोणालातरी हवा होता. अशा बाजारात वाढवता येणारा संगणक ही पैशाच्या बचतीची हमी राहत नाही. जो केवळ काटकसर म्हणून अर्धवट संगणक घेतो, त्याने भविष्याकडून कर्ज घेतलेले असते आणि व्याजाचा दर त्याला ठाऊक नसतो.

यावर कोणी म्हणेल, मग हा खटाटोप हवाच कशाला? तयार लॅपटॉप घ्यावा, चार-पाच वर्षांनी टाकून द्यावा. येथे मात्र माझा पक्ष पूर्वीपेक्षा पक्का झाला आहे. बहुतेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. फोन उघडणे तर सामान्य माणसाने सोडूनच दिले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला, तेव्हा केवळ प्रोसेसर यादीत बसत नाही म्हणून असंख्य चालते-बोलते संगणक विंडोज ११साठी अपात्र ठरले. ज्याचा संगणक सुट्या भागांचा होता त्याला निदान बोर्ड आणि प्रोसेसर बदलून बाकीचे सारे वाचवता आले. २०१९ च्या त्या अपघातानंतर आमच्याकडेही मॉनिटर, कॅबिनेट आणि हार्ड डिस्क शाबूत राहिली होती. मॉनिटर तर आजही तोच आहे. सुट्या भागांची खरी किंमत ही आहे. एक अवयव गेला म्हणून सारा देह जाळावा लागत नाही, आणि काय गेले हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. पैसे वाचतील की नाही हे बाजार ठरवतो. दुरुस्त करता येईल की नाही हे मात्र खरेदीच्या दिवशी आपण ठरवू शकतो.

असो. यादी कशी करावी, याविषयी मला कोणी विचारले तर आता मी एवढेच सांगेन. कशासाठी हवा ते आधी लाज न बाळगता म्हणावे. एसएमपीएस आणि कॅबिनेट अशी घ्यावीत, की पुढचे दोन संगणक त्यांतच उभे राहतील. कार्डावरची स्मृती आजच पुरेशी घ्यावी. रॅम लागेल तेवढी, एकाच जोडीत, सुरुवातीलाच घ्यावी. सॉकेटच्या भविष्यावर कान ठेवावा, पैसे ठेवू नयेत. आणि प्रत्येक रिकाम्या स्लॉटाकडे पाहून स्वतःला विचारावे, की येथे खरोखरच मजला चढणार आहे का?

दिवाळीत साताऱ्याला गेलो होतो. भाच्याने भावोजींना सहज विचारले, की त्या सळया आता कापून का टाकत नाहीत. पावसाचे पाणी त्यांच्यावाटे कॉलमात मुरते म्हणे. भावोजी जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "राहू दे. पुढे-मागे लागतील." गोधड्यांची दोरी कुठे बांधायची, असा ताईचा प्रश्न होताच.